रिकामा रकाना

निवृत्तीनंतर काही वर्षं मी संगणकाच्या प्राध्यापकांचे वर्ग घेतले. प्रोग्रॅमिंग शिकवता शिकवता सामाजिक जबाबदारी कशी शिकवायची, हा विषय. दर वर्गात एक गोष्ट सांगायचो. ती अर्धी खोटी होती. आता थकलोय, पण ती दुरुस्त करायची राहिली आहे.

दुष्काळाचं साल होतं. शहराच्या एका टोकाला, चिकलठाण्याकडे, इमारती उठत होत्या आणि टँकर पुरत नव्हते. टँकरच्या फेऱ्या ठरवणारा प्रोग्रॅम आमच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पालिकेसाठी केला. दुसऱ्या टोकाला, पडेगावच्या पुढे, माळावर मेंढपाळांची वस्ती होती. शेवटच्या वर्षाची एक मुलगी उन्हात फिरून तिथली घरं नोंदवून आली. घर क्रमांकाचे रकाने सगळे रिकामे. शेजारी तिनं लिहिलं होतं : बाभळीपाशी, मेंढ्यांच्या वाड्याला लागून.

"सर, यांना क्रमांकच नाहीत. काय भरू?"

"रकाना रिकामा म्हणजे नोंद कचरा. गाळून टाक." सादरीकरण दोन दिवसांवर आलं होतं.

तिनं गाळल्या. प्रोग्रॅम सुरू झाला आणि आठ दिवस तिकडं टँकर गेला नाही. मग वस्तीवरची एक म्हातारी रिकामी घागर घेऊन, विचारत विचारत थेट आमच्या प्रयोगशाळेत आली.

"ओ मास्तर, ह्या डब्यात आमी नाय व्हय? लई हुशार डबा हाय तुमचा, बिल्डिंगी तेवढ्या दिसत्यात त्याला!"

पोरं हसली. मी मुलीकडं बोट केलं. "हिची चूक झाली, आजी." मुलीनं नोंदी त्याच दिवशी परत घातल्या. तिचे गुण मात्र मी कापले, आणि पुढं प्राध्यापकांना 'एका विद्यार्थिनीची चूक' म्हणून हेच सांगत राहिलो. ते लिहून घ्यायचे.

शेवटच्या वर्गात ती मागच्या बाकावर होती, आता स्वतः प्राध्यापिका. चहाला जवळ आली.

"सर, ही गोष्ट मीपण शिकवते. फक्त 'गाळून टाक' कोण म्हणालं, तेही सांगते."

"नाव घेतेस माझं?"

"नाही हो. 'आमचे सर' म्हणते."

चहानंतर उभं राहून खरं सांगता आलं असतं. मी पुढचा धडा काढला.

म्हणून हे लिहून तिच्याकडं पाठवतोय, वर्गात वाचायला. 'आमचे सर' खोडून तिनं तिथं माझं नाव घालावं. तो रकाना तरी रिकामा राहू नये.