कंपनीच्या मते किरकोळ

मला विमानातलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली आणि विमानात बसलेलीही पहिलीच. शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला निघाले, तेव्हा आमच्या गावी, वडनेर भोलजीच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला होता. त्यात माझ्यापेक्षा विमान मोठं होतं.

मुंबईहून उडाल्यावर मागच्या दारातून शिटीसारखा आवाज येऊ लागला. विमान कोरं करकरीत होतं. हवाईसुंदरीने हसतमुखाने दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. आवाज थांबेना, तेव्हा आम्हाला परत मुंबईला आणून उतरवलं. टाय लावलेला एक साहेब म्हणाला, कारखान्यातच दाराचं रबर नीट बसलं नव्हतं; दोष किरकोळ आहे. ढगांच्या वर किरकोळ कशाला म्हणतात, हे विचारावं की नाही असं माझं चाललं होतं, तेवढ्यात त्याने बिस्किटाचा पुडा हातात ठेवला आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला. दार लावता येत नाही, पण पुडे मात्र मोजून तयार.

घरी फोन केला तर मागे गलका. तिकिटावरची सुटायची वेळ टळताच मी पोहोचलेच असं धरून काकांनी पेढे वाटून टाकले होते. एसटीच्या वेळेवर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही.

"मी मुंबईतच हाय," मी आईला सांगितलं.

फोन स्पीकरवर होता; शेजारची मावशी लगेच म्हणाली, "निघालेली पोरगी माघारी फिरली. लक्षण बरं नाही, बाई."

रबर कंपनीचं सुटलं आणि लक्षण माझं वाईट.

"आमी शकुन-बिकुन नाही मानत," आईने तिला गप्प केलं. मग मला म्हणाली, "पण दार बसवणारे तेच असतीन, त मी काऊन जाऊ देऊ तुले?"

दुसऱ्या दिवशीचं विमान चुकलं, तर प्रवेश रद्द होणार होता. ते तिलाही माहीत होतं. "बसली की इमान त्याच कारखान्याचं हाय का ते पाह्य आन् सांग. खोटं नको बोलू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जागेवर बसताच समोरच्या सीटच्या खिशातलं सूचनांचं कार्ड काढलं. त्याच कारखान्याचं, त्याच प्रकारचं विमान. लोक अजून चढत होते. मी फोन लावला.

"तेच हाय, आई."

"दार पाह्यलं?"

"पाह्यलं. पण मले त्यातलं कळत नाही."

"त्याहिले तरी कुठं कळते."

"मंग उतरू का?" मी विचारलं. ती हो म्हणेल, याचीच मला भीती होती.

"बस," आई म्हणाली. "त्याहिच्या कामचोरीपायी तुहं वरीस काऊन घालवायचं?"