तांब्याच्या पोटाचा एलियन आणि माझी पोस्ट

सरांना मी चोर म्हटलं होतं. तेही लेखी, पब्लिक पोस्ट टाकून.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. ती पोस्ट मी कधीच डिलीट केलीये. तिचा स्क्रीनशॉट मात्र अजून फिरतोय.

म्हणून हे लिहितोय. पूर्ण वाचा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या.

रविवारी सकाळी ज्या कार्टूनसाठी आपण आंघोळ टाळायचो, त्यातले एलियन मोहन सरांनी काढले होते.

मुख्य व्हिलन आठवतो? तांब्याचं पोट, पोटात जाळ, डोक्यातून धूर. कधीच ओरडायचा नाही. समोरच्याला जाळण्याआधी शांतपणे विचारायचा, "आपण उठलात का?"

इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं, घरी भांडणं झाली, आणि मी सदाशिव पेठेत सरांच्या ड्रॉइंग क्लासला लागलो. हडपसरहून बस, स्वारगेटला उतरायचं, पुढे चालत.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यानंतर मी रेवासाठी जात होतो. रेवा म्हणजे सरांची मुलगी. ती आमच्यासोबतच शिकायची.

एकदा जीव तोडून एक राक्षस काढला. सरांनी चष्मा वर केला, चित्र नीट पाहिलं.

"छान आहे. कुणाचं?"

सगळा क्लास हसला. मला फक्त रेवाचं हसणं दिसलं.

परतताना बसमध्येच फोन काढला. एका परदेशी कॉमिकमध्ये तांबड्या पोटाचा तसलाच एक रोबो सापडला. तो आणि सरांचा एलियन शेजारी शेजारी लावले आणि वर लिहिलं, 'आपल्या लहानपणीचा हीरो चोर निघाला.'

हडपसर येईपर्यंत पोस्ट हाताबाहेर गेली होती.

तीन दिवसांनी सरांनी दुपारी घरी बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेलो.

गॅलरीत पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब होता. आता त्यात मनीप्लँट. सर म्हणाले, हा काढ. मी उभ्यानेच वही उघडली.

"उभ्याने नाही. खाली बस. दहा वर्षांचा हो."

फरशीवर बसलो आणि बंब माझ्याकडे बघायला लागला.

विस्तवाचं दार म्हणजे तोंड. तोटी म्हणजे नाक. वरचं धुराडं म्हणजे शिंग.

मग सरांनी सांगितलं. शाळेसाठी ते मामांकडे राहायचे. पहाटे बंब पेटवायचं काम त्यांचं. उशीर झाला की मामा दारात उभे राहून त्या एवढ्याशा पोराला विचारायचे, "आपण उठलात का?"

तोंडाच्या चाळणीतून अळ्या सोडणारा दुसरा एलियन? मामींचा शेवेचा सोऱ्या.

कातरजबड्या तिसरा? मामांचा अडकित्ता.

सगळे व्हिलन सरांनी असे जमिनीवर बसून काढले. म्हणूनच ते कायम खालून दिसायचे. आपण इतके का घाबरायचो, ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, मामांचा अजून राग येतो का?

"पृथ्वी जिंकू दिली नाही ना त्यांना. पुरे झालं."

पोस्ट मी तिथेच डिलीट केली. चुकलो असं पब्लिकमध्ये लिहितो, म्हणालो. सर म्हणाले, घाई नाही.

मी खरंच घाई केली नाही. लोक काय म्हणतील, रेवाच्या मैत्रिणी वाचतील. आज लिहू, उद्या लिहू. तेवढ्यात सरांना अटॅक आला.

त्यांच्या श्रद्धांजलीच्या पोस्टखाली कुणीतरी विचारलं, 'डिझाइन ढापलेलं होतं ना?' सोबत माझा स्क्रीनशॉट.

रेवाने तो मला फॉरवर्ड केला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

तर आता स्पष्ट लिहितो. चोरी झालीच नव्हती. ते कॉमिक आपलं कार्टून लागल्यानंतर आलंय. एवढं साधं मी तपासलं नव्हतं, कारण मला तपासायचंच नव्हतं. मला सरांना खाली पाडायचं होतं.

सोबत फोटो आहे, त्या दुपारी मी काढलेल्या बंबाच्या चित्राचा. स्क्रीनशॉट जिथे दिसेल तिथे मी हे चिकटवणार. दर वेळी. मला थकवून दाखवा.

रेवा, तू आवडतेस, ते वेगळं. तू वाचलं नाहीस तरी हे इथून हलणार नाही.

सर, उशीर झाला.

पण उठलो.

नमस्कार करतो. फरशीवर बसूनच.