वेलदोड्याची डायकिरी

डायकिरी म्हणजे रमचं कॉकटेल, त्यात साखरेचा साधा पाक लागतो. मी फ्रिजमधून गुलाबजामचा पाक काढून ओतला. चष्मा कपाळावर होता, दुसरं काय! रम बरोबर मोजली होती, लिंबूही ताजं होतं, पण पहिल्याच घोटाला नाकात वेलदोडा शिरला. आणि खरं सांगतो, मला तो लय आवडला.

तेव्हापासून मी मुद्दाम वेलदोड्याचा पाक करून ठेवतो. परवा पुण्याहून साडूभाऊ आमच्याकडे परभणीला आले. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"अहो, डायकिरीत रम, लिंबू, साखर. चौथं काही पडलं की ती डायकिरी नाही."

एरवी मी पाहुण्यांपुढे मान डोलावणारा माणूस. ह्यांच्याच सांगण्यावरून एकदा मिशासुद्धा काढल्या होत्या आणि महिनाभर तोंड लपवत फिरलो होतो. पण या वेळी मान काही हलेना.

"साडूभाऊ, ज्यानं ही पहिल्यांदा केली, त्यानं कुणाला विचारलं होतं का? त्याला आवडलं ते त्यानं टाकलं, मला आवडतं ते मी टाकायलोय. तुमच्यासाठी साधी करतो. माझी बदलणार न्हाई."

त्यांनी साधी घेतली. मी माझी दुसरी भरली, वेलदोडा जरा जास्तच घालून.

ते गावी गेल्यावर बायको म्हणाली, "बरोबर बोललात. ज्याची त्याची चव. मग आता माझ्या आमटीला 'आईसारखी न्हाई झाली' म्हणायचं न्हाई."