चाळीस ताटांचा स्टोव्ह

आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर बसलेले मी पाहिले ते फक्त एसटीत, आणि तिथेही मेहकर यायच्या तीन मैल आधीच ते उठून दाराशी उभे राहत. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती; तिच्यावर आम्ही तपासायच्या वह्या ठेवत असू. कपबशी हातात घेऊन व्हरांड्याच्या दोन फेऱ्या झाल्या की त्यांचा चहा संपे. "बसलं की माणूस इचार करते," ते म्हणत, "आन् इचार केला की काम राहून जाते." मी मराठी शिकवत असे. हे वाक्य मला उगाचच वैयक्तिक वाटे.

त्या हिवाळ्यात शाळेचं श्रमदान शिबिर ठरलं. महाराष्ट्र राज्य नवं होतं, आणि नव्या राज्यात जो तो दुसऱ्याला श्रमदान करायला सांगत होता. सात-आठ मैलांवरच्या एका गावी चाळीस मुलांनी दहा दिवस बांध घालायचा आणि आपला स्वयंपाक आपणच करायचा. एवढ्यांचं रांधायला कोणता स्टोव्ह न्यावा हे ठरवण्यासाठी हेडमास्तरांनी समिती नेमली. ते स्वतः, संस्थेचे सेक्रेटरी, ड्रिलमास्तर आणि मी. मी इतिवृत्त लिहायला.

समिती भरायच्या आतच मास्तरांची धावपळ सुरू झाली होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, धामणगाव बढ्याला, एका हलवायाकडे मोठा स्टोव्ह आहे असं कुणीतरी म्हणालं, तर हे सकाळच्या गाडीनं तिकडे. परत आले ते स्टोव्ह उसना घेऊनच. मग शाळेच्या गच्चीवर, भर वाऱ्यात, तो आणि दोन छोटे स्टोव्ह पेटवून त्यांच्यावर पाणी चढवलं आणि हातात घड्याळ घेऊन त्यांच्याभोवती फिरत राहिले. छोट्यांच्या ज्योती वाऱ्यानं फडफडत होत्या. मोठा, पितळी टाकीचा, पंप मारताच असा गर्जला की खालच्या वर्गात भूगोल थांबला. "हा पाहा गडी!" मास्तर वरून ओरडले. "चाळीस ताटं एका गंजात!" गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं.

सेक्रेटरीसाहेबांना दोन छोटे स्टोव्ह हवे होते. "दोन असले की सोयीचं पडतं," ते म्हणाले. कसली सोय, ते आम्हा सगळ्यांना कळलं. चाळीस मुलांत अकरा बौद्ध होती. आदल्या वर्षीच्या शिबिरात दोन चुली होत्या, दोन पातेली होती आणि दोन पंगतींमधून बैलगाडी गेली असती. पण साहेबांनी नुकतंच गॅदरिंगला समतेवर पाऊण तास भाषण केलं होतं, त्यामुळे खरं कारण उच्चारायची पंचाईत झाली. मग आम्ही तासभर रॉकेलवर बोललो.

"मोठा बिघडला तर?"

"आन् दोन बिघडले तर? दोन पंप, दोन वायसर, दुप्पट कटकट," मास्तर खिडकी ते दार येरझारा घालत म्हणाले.

"मास्तर, जरा बसा तरी."

"बसतो ना साहेब. एकदा ठरू तर द्या."

"गावातले लोक काय म्हणतील, याचाही विचार—"

"स्टो पाहून काऊन काही म्हणतीन? तो तर सगळ्यायसाठी सारखाच जळते."

हेडमास्तर छताकडे पाहत होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी दोन छोट्यांच्या बाजूनं हात वर केला. माझी नोकरी कच्ची होती. मास्तरांचीही कच्चीच होती, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. हेडमास्तरांनी मोठ्याला मत दिलं, बहुधा त्याच्या आवाजानं पाहुण्यांवर छाप पडेल म्हणून. बरोबरी झाली आणि अध्यक्ष म्हणून हेडमास्तरांचं मत दुसऱ्यांदा मोजून मोठा स्टोव्ह मंजूर झाला.

शिबिरात स्वयंपाकाच्या पाळ्या मास्तरांनी हजेरीच्या क्रमानं लावल्या, म्हणजे कोण कोणाशेजारी कांदा चिरतो ते हजेरीपटानं ठरवलं. पहिल्या दिवशी काही मुलं ताट घेऊन घुटमळली. मास्तर ओळीमागून धावत होते. "काऊन थांबला बे? पिठल्यात साप आहे का?" सकाळभर फावडं मारलेल्या पोरांची घुटमळ ती किती टिकणार! तीन दिवस एका गंजातलं पिठलं चाळीस ताटांत गेलं. मला मात्र स्वस्थता नव्हती. हे असं सरळ चालणार नाही, असं सारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी, सेक्रेटरीसाहेब भेटीला यायचे त्याच सकाळी, स्टोव्ह मुका झाला. पंप खालीवर होई, पण हवा धरेना. आतला कातडी वायसर फाटला होता आणि दुसरा मेहकरशिवाय मिळणार नव्हता. गावकरी मदतीला धावले. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, भारे आणले, दगड आणले आणि कुणी न सांगता दोन ठिकाणी चुली मांडल्या, वीस पावलांच्या अंतरानं. मुलं बांधावरून परतली आणि दोन चुली पाहून आपोआप दोन घोळक्यांत उभी राहिली.

मास्तर दोन चुलींमधून पाच-सहा वेळा आले-गेले. मग एकदम ओरडले, "फावडे घ्या बे! खोदायलेच आलो ना आपण?"

पोरांनी मधोमध हातभर खोल चर खोदला. मास्तरांनी दोन्हीकडचे दगड उचलून त्याच्या काठांवर बसवले, दोन्हीकडच्या पऱ्हाट्या आत सारल्या आणि गंज चढवला.

"मास्तर, आमी तं तुमच्या सोयीसाठीच केलं होतं," एक म्हातारा पडलेल्या आवाजात म्हणाला.

"हाव ना बाबाजी, लय उपकार. दोन्ही चुलीचे दगड कामी आले."

साहेब बरोबर जेवायच्या वेळी आले. त्यांनी चर पाहिला, गंज पाहिला, सरळ एकच ओळ पाहिली, आणि त्यांना आपला उपास आठवला.

"एकादशी तर काल झाली, साहेब," मास्तर म्हणाले.

"आमच्याकडे भागवत पाळतात. ती आज."

"मंग शेंगदाणे देतो भाजून. इस्तू आहेच चरात."

साहेबांनी फक्त पाणी घेतलं, तेही सोबत आणलेल्या तांब्यातलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मास्तरांना पत्र मिळालं की पुढच्या वर्षी जागा नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात पक्की झाली. स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो आणि क्षमा मागण्यासारखं काहीतरी जड बोलू लागलो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "मी कुठंही शिट्टी वाजवून पोट भरीन, सर. तुमी पोट्टे सांभाळजा." गाडी सुटली. पुढे ते कुठे गेले ते कधी कळलं नाही. मीही नेटानं शोधलं नाही.

पुढच्या शिबिराचा प्रमुख मी. संस्थेनं या वेळी समिती न नेमता चार छोटे स्टोव्ह पाठवले, प्रत्येकाबरोबर वेगळं पातेलं. पहिल्या दुपारी चारही पातेल्यांत वांग्याची भाजी शिजली. वाढायच्या आधी मॅट्रिकच्या वर्गातली दोन मुलं गावच्या बौद्धपुऱ्यात गेली आणि एक मोठा गंज मागून घेऊन आली. चारही पातेली त्यात ओतली आणि पळीनं खालपासून ढवळली. मला कुणी विचारलं नाही. मी माझं ताट घेतलं आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.