बिनदाढीचा चेहरा

दिग्दर्शक होण्याआधी मी बारा वर्षं सिनेमासाठी घरं बांधली. पुढून घर, मागून बांबू आणि तरट. नटनट्या त्या घरांपुढे येऊन हसायच्या-रडायच्या, ती मला लुडबूड वाटायची. असल्या माणसाच्या हाती अखेर एक चित्रपट आला. पहिला आणि शेवटचा.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. घर उभं केलं चिखलीला, एका शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर. चिंचवड स्टेशनवरून सगळं सामान बैलगाडीनं आणावं लागे.

चित्रपटात बापाचं काम एकाच प्रसंगाचं होतं. त्यासाठी मी खेडचा एक म्हातारा नट घेतला. नाटक कंपनी बुडाल्यापासून तो घरीच होता, छातीचं दुखणं होतं. जन्मभर त्यानं राजे आणि ऋषी केले, म्हणजे जन्मभर दाढ्या चिकटवल्या. स्वतःच्या चेहऱ्याचा एकही फोटो त्याच्या घरात नव्हता. काम घेताना त्यानं एकच मागितलं.

"एकदा कॅमेरा जवळ आणा, राव. आमच्या मंडळींना माझं तोंड बघू द्या."

मंडळी म्हणजे त्याची बायको. ती सोबतच आली होती. मी दोघांना शब्द दिला.

पहिल्या दिवशी भिंत मला फारच नवी वाटली. शेणात डिंक कालवून, वर चहाचं पाणी मारून ती जुनी करायला घेतली. म्हातारा न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी करून बाभळीखाली बाजेवर खोकत बसला. दुसऱ्या दिवशी सारवण वाळून तडकलं. तडे झकास होते, पण दारापासून लांब. मग दाराजवळही तसेच पाडायला लावले. म्हातारा पुन्हा दाढी करून आला आणि पुन्हा बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी ऊन तिरकं आलं आणि भिंत अशी काही उठून दिसली की मी कॅमेरा लांब नेला, अख्खं घर घेतलं. मुलाला अग्नी देऊन बाप घरात शिरतो, एवढाच प्रसंग. त्याला पाठमोरा चालवला, कारण तोंड इकडे करून उभा राहिला असता तर दाराची चौकट झाकली असती. चेहरा उद्या घेऊ म्हणालो.

"उद्या नक्की ना?" त्यानं विचारलं.

मी भिंतीकडे बघतच हो म्हणालो.

चौथ्या दिवशी तापानं तो बाजेवरून उठला नाही. बैलगाडीत घालून त्याला खेडला नेलं, तिथे आठवड्याच्या आत तो गेला. मला स्वतःची शिसारी आली, पण चित्रपट पुरा केला.

खेडला सिनेमाच्या तंबूत चित्रपट लागला तेव्हा मी गेलो. जायची भीती वाटत होती, न जायची लाज. म्हाताऱ्याची बायको पुढे जमिनीवर बसली होती. खेळ संपल्यावर तिनं मला ओळखलं.

"सायेब, ह्ये कुठं दिसलं न्हाईत."

मी यंत्रवाल्याला सांगून तेवढं रीळ पुन्हा लावून घेतलं आणि दारात शिरणारी पाठ तिला बोटानं दाखवली. तिनं पदर सावरला, जरा पुढे सरकून बसली.

"घर लई झ्याक बांधलंया," ती म्हणाली. मग पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "आता ह्ये मागं कवा वळत्यात?"

ते वळत नाहीत, हे मला तिला सांगावं लागलं.