डेअरीच्या मागचं ऑफिस

आवाजाचा मला त्रास होत नाही. वरवंडला हायवेच्या कडेच्या घरात मी वाढले. बारावीचा अभ्यास ट्रकच्या हॉर्नमध्ये केला आणि मार्कही बरे पडले. त्रास होतो तो हाकेचा. हॉर्न सगळ्या जगाला असतो, हाक एकट्या माझ्या नावाची असते. तिला 'ओ' दिली की हातातलं वाक्य गेलं ते गेलं.

लग्न होऊन मांडवगण फराट्याला आले ती पदवी आणि मोबाईल घेऊन. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, सासरे उसात असतात आणि सासूबाई सगळीकडं असतात. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. आत्या पहाटे उठल्या की त्यांच्या पायाला जणू चाक लागतं, आणि दुसरं कुणी बसलेलं त्यांना बघवत नाही.

माझं काम मात्र बसूनच करायचं होतं. मी लेख लिहायचे. पुण्यातला एक माणूस, ज्याला मी आजवर पाहिलेलं नाही, मोबाईलवर विषय पाठवायचा. मी लिहून द्यायचे आणि तो शब्दांवर पैसे द्यायचा. मांजराचे केस का गळतात, मालदीवला जाताना बॅगेत काय भरावं, सोफ्यावरचे डाग कसे काढावेत, असं काय काय मी लिहिलं. आमच्या घरात सोफा नव्हता. मालदीवचा लेख तर मी नळाला पाणी यायची वाट बघत, हंड्याशेजारी बसून पुरा केला. शिरूरला जाऊन जुना लॅपटॉप आणला तोही याच पैशातून. पण या कामाला आमच्या घरात नाव नव्हतं. कुणी विचारलं तर आत्या सांगायच्या, "मोबाईल करती."

आणि मग 'बसलीच हायस तर' सुरू व्हायचं. बसलीच हायस तर कांदं निवड. बसलीच हायस तर शेजारच्या आप्पांचा फॉर्म भर, त्यांना दिसत न्हाई. बसलीच हायस तर दुधाकडं बघ. उभ्या माणसाला आमच्या घरी कुणी काम सांगत नाही, तो कुठंतरी निघालेला असतो. बसलेली बाई सगळ्यांची.

अशात एक दिवस पुण्याच्या त्या माणसाचा निरोप आला, "मॅडम, आता लेख मशीन लिहितं. तुम्ही फक्त दुरुस्त करायचे. रेट निम्मा." सोबत नमुन्याचा लेख होता, बाजरीच्या भाकरीवरचा. मशीननं लिहिलं होतं, पिठाचा गोळा घेऊन हलक्या हातानं लाटून घ्या. मी तो लेख दोनदा वाचला आणि माझं टाळकंच सरकलं. बाजरीची भाकरी लाटायला सांगणाऱ्याच्या हाताखाली मी काम करणार नाही, असं त्याला कळवून टाकलं. कळवलं तेव्हा फार बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत ते ओसरलं, कारण त्या बऱ्या वाटण्याचे पैसे काही मिळणार नव्हते.

पण त्याच भाकरीनं मला रस्ता दाखवला असं म्हणायला हरकत नाही. वर्षभर आधी आम्ही हप्त्यावर घरघंटी घेतली होती, घरातल्या घरात दळायची छोटी गिरणी. गावची गिरणी लाईट असली तर चालू, नसली तर पिठाविना घरी. घरघंटी आली आणि पहिल्याच आठवड्यात बाजरीनं तिची जाळी बुजवली. कोणत्या धान्याला कोणती जाळी, पीठ गरम का होतं, व्होल्टेज पडलं तर मोटर का गुरगुरते, हे मी मराठीतून शोधायला गेले तर सगळीकडं एकाचं बघून दुसऱ्यानं लिहिलेलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या हाताला पीठ लागलेलं नव्हतं, हे वाचताक्षणी कळत होतं. म्हटलं, हे आपण लिहायचं. फक्त घरघंटी. दुसरं काही नाही. स्वतःची वेबसाईट, स्वतःच्या नावावर.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आन् यातनं पैसं कसं यायचं?"

"वाचायला आलेल्याला जाहिरात दिसती. आन् माझ्या पानावरनं जाऊन कुणी घरघंटी घेतली तर मला कमिशन."

"म्हंजी आडत्याचा धंदा."

"व्हय. पण माल माझ्या डोक्यातला."

तो हसला. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाई जमलं तर कंपनीत पॅकिंगला बाया घेत्यात. गाडी गावात येती न्यायला." त्यात टोमणा नव्हता. एका पगारात ओढाताण होती हे मलाही दिसत होतं. पॅकिंगचं काम हलकं असंही मला कधी वाटलं नाही. पण बारा तासांनी गाडीतून उतरलेली बाई रात्रीचा स्वयंपाक उरकून पुन्हा लिहायला बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पॅकिंगला गेले की वेबसाईट मेली. तिला माझे सकाळचे सलग चार तास हवे होते, तुटक नाही, सलग. आणि घरात बाकी सगळं होतं, तेवढं सोडून.

एकदा आत्यांच्या माहेरची माणसं आली. मी आतल्या खोलीत जाळ्यांवरचा मोठा लेख लिहीत होते. चार दिवस रखडलेला तो लेख त्या दिवशी कुठं धावायला लागला होता. बाहेरून आत्यांचा आवाज आला, "बसा बसा, च्या घेऊन जा. सून हाय की, रिकामीच बसलीय."

रिकामी! मी चहा केला. कप नेऊन ठेवले, पाया पडले, माहेरची चौकशी केली. सगळं रीतसर केलं आणि आत येऊन रडले. रागानं रडले. आळशी म्हटलं असतं तर भांडले असते, रिकामीला काय उत्तर देणार? आणि रडता रडताच लक्षात आलं की या घरात कामावर असलेल्या माणसाची खूण एकच आहे. तो सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन डबे भरले.

जागा आदल्या संध्याकाळीच बघून ठेवली होती. गावातल्या दूध डेअरीच्या मागं एक खोली होती, सकाळचं दूध गेलं की तिच्यात कुणी फिरकायचं नाही. डेअरीच्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "काय ठेवायचंय? पेंड का खत?"

"मीच बसणार हाय."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खतच असते तर बरं झालं असतं. पण खोलीचं भाडं मिळतंय म्हटल्यावर किल्ली दिली.

केस विंचरून, पर्स खांद्याला लावून, पिशवीत लॅपटॉप आणि डबा घेऊन मी निघाले. आत्या अंगणात होत्या. "कुठं?"

"कामाला."

रस्त्यात पारावरून एका आबांनी विचारलं, "कुठं गं?" त्यांनाही तेच सांगितलं, कामाला. ते म्हणाले, "बरं झालं, लागलीस." कुठल्या कामाला, कुणाच्या, हे एकानंही विचारलं नाही! घरापासून दोन गल्ल्या सोडून तीच मी, तोच लॅपटॉप, तीच घरघंटी. पण त्या दिवसापासून गावात माझ्या नावापुढं नोकरी लागली. आठवड्याभरात तर कुणी कुणी मला ऑफिसला साहेब चांगलाय का म्हणून विचारायला लागलं. मी सांगायचे, बरा हाय, जरा तापट हाय.

आत्या मात्र भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या मोजकंच बोलायला लागल्या. मी निघताना पाठ करून उभ्या राहायच्या. मला वाईट वाटायचं, आणि तरी मी जायचे. दुपारी परत आले की धुणं, भांडी, संध्याकाळच्या भाकरी, एकही गोष्ट मी टाळली नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं ठरवूनच टाकलं होतं.

खोलीत आंबूस दुधाचा वास यायचा, माश्या लॅपटॉपच्या पडद्यावर फिरायच्या, पलीकडं कॅन आदळायचे. मी लिहीत राहायचे. ज्वारीच्या पिठाचे, डाळीच्या पिठाचे, बाजरीच्या पिठाचे फोटो काढले. शिरूरला यष्टीनं जाऊन घरघंटीच्या दुकानात जाळ्यांचे फोटो मागितले तर दुकानदार म्हणाला, "घ्यायची न्हाई तर फोटू कशाला?" मी त्याला त्याच्याच दुकानातल्या मशीनचा आवाज का वाढलाय ते सांगितलं. आतला पट्टा सैल झाला होता. मग त्यानं फोटोही काढू दिले आणि चहाही मागवला.

कित्येक दिवस वाचायला कुणीच आलं नाही. रोज सकाळी बघायचे तर दोन वाचक, त्यातली एक मी. मग हळूहळू बाया प्रश्न विचारायला लागल्या. कुणाचं भाजणीचं पीठ चिकटतंय, कुणाची मोटर लाईट गेल्यावर सुरूच होत नाही. प्रत्येकीला मी उत्तर दिलं, आणि उत्तराचा पुन्हा लेख केला. गणपतीपर्यंत आकडा चांगला चढला. आणि एके सकाळी धाडकन खाली आला. सर्चमध्ये माझी पानं मागं गेली होती आणि पुढं मशीननं रातोरात पाडलेल्या लेखांचा ढीग लागला होता. त्या दिवशी मी खोलीला आतून कडी लावली आणि त्या न दिसणाऱ्या मशीनला वरवंडच्या हायवेवर शिकलेल्या शिव्या मोठ्यानं दिल्या. मग कडी काढली आणि पहिल्या लेखापासून पुन्हा लिहायला घेतलं. जिथं जिथं माझ्या हातानं केलेलं नव्हतं ते वाक्य काढून टाकलं. व्होल्टेजचं काय करायचं, पाहुण्यांसाठी घाईत दळायचं तर काय, हे घातलं. मशीनच्या घरी पाहुणे येत नाहीत, एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूची होती.

वाचणाऱ्या बाया हळूहळू परतल्या आणि दसऱ्यानंतर पैसे आले. खात्यात जमा झाल्याचा मेसेज मी नवऱ्याला दाखवला. पॅकिंगच्या पगाराएवढे नव्हते, पण हसण्यावारी न्यावेत इतके थोडेही नव्हते. त्यानं मोबाईल हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "चालू ठिव." मला नाचावंसं वाटलं. आत्या चुलीपाशीच होत्या. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, सगळ्यांना जिंकलं, या राहिल्या.

दिवाळी झाली. एका दुपारी माझं काम लांबलं होतं, तर दार लोटून आत्याच खोलीत आल्या. डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. मी उठून उभी राहिले. वाटलं, संपलं. पाहुणे आलेत आणि मला न्यायला आल्यात. न्यायला आल्या तर काय सांगायचं ते मी कधीचं पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी खोलीकडं चौफेर पाहिलं.

"हितं कुणी येत न्हाई?"

"न्हाई."

"हाक बी येत न्हाई?"

"न्हाई, आत्या."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पाय लांब केले. त्यांना पाय लांब करून बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तू जायला लागलीस तवापस्नं समदी मलाच हाका मारत्यात. आधी बी मारायची म्हणा. तू आलीस तवा वाटलं, आता निम्म्या तुझ्याकडं जात्याल." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी बसू का जरा हितं? तुझं काम कर तू. मी बोलायची न्हाई."

पाठ केलेलं बोलायची वेळच आली नाही. इतके दिवस मी समजत होते की माझं बसणं त्यांना सलतं. सलतही असेल. पण त्यांना स्वतःला कुणी कधी बसूच दिलं नव्हतं. मी पिशवीतली शाल त्यांना उशाला दिली आणि लॅपटॉपकडं तोंड केलं. लिहिता आलं नाही, नुसती बटणं दाबत राहिले. थोड्या वेळात त्यांचा श्वास जड झाला. भर दुपारी आत्या झोपल्या होत्या.

मोबाईल वाजला. मामा होते. "तुझी आत्या आलीय का तिकडं? कवाचा हुडकतोय. पाहुणं आल्यात, च्या करायचाय. लावून दे तिला."

मी आत्यांकडं बघितलं. त्यांच्या तळपायांच्या भेगांत माती तशीच होती.

"मामा," मी हळू आवाजात म्हणाले, "त्या कामावर हायत. साखर वरच्या फळीवर हाय, दूध झाकलेलं हाय. तुम्ही ठेवा चहा."