बर्टचं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, इथल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट सांगता येणार नाही.

लॉकडाऊनच्या काळात मी लायडन या डच शहरात शिकत होते, एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. खाली घरमालक, विम. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नुसतं विम म्हणायचे. मनात मात्र विमकाका. तरुणपणी ते अमेरिकन फुटबॉल खेळायचे — हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळतात तो. त्यांच्या संघाचे ते क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू आधी त्यांच्या हातात येणार, मग तो कुणाकडे फेकायचा हे ते ठरवणार.

त्यांचं नाव त्या खेळाच्या इथल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे नामवंतांच्या यादीत, जावं, ही मोहीम मीच डोक्यात घेतली. वर्ग ऑनलाइन, बाहेर जायची सोय नाही. जुन्या खेळाडूंना मेल लिहायचे, त्यांच्याकडून शिफारशीची पत्रं मागवायचे. विमकाका चेष्टा करायचे, “तुझ्या पदवीपेक्षा माझ्या पुतळ्याचीच तुला घाई!”

पत्रं येत गेली. त्यांना मात्र एकच हवं होतं — बर्टचं. बर्ट त्यांच्या संघात ‘सेंटर’च्या जागी खेळायचा. दर वेळी वाकून, पायांमधून मागे विमकाकांच्या हातात चेंडू देणारा माणूस. दोघं एकत्र खेळले त्या शेवटच्या फायनलमध्ये तो चेंडू दोघांच्या हातांमधून निसटला, आणि विमकाकांनी सगळ्यांदेखत खापर बर्टवर फोडलं. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. बर्ट आता जवळच्याच हार्लेम शहरात, वृद्धांच्या एका केअर होममध्ये होते. भेट फक्त खिडकीच्या काचेतून, फोन कानाला लावून. “तू जाशील?” विमकाकांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी निघाले. सायकल स्टेशनबाहेर लावली. आणि — गेलेच नाही. काय अडलं होतं? माझं मोडकं डच? परक्या म्हाताऱ्याच्या खिडकीशी उभं राहायची लाज? कालव्याकाठच्या बाकावर दोन तास बसले आणि परत आले.

“भेटला?”

“हो.”

“माझ्याबद्दल काही म्हणाला?”

“लिहून पाठवतो म्हणाले.”

आता जे सांगायचं ते. आमच्या वस्तीत कॉलेजात गेलेली मी पहिली. रेशन कार्ड असो, निराधार योजना असो — सगळ्यांचे अर्ज मी लिहायचे. माणूस समोर नसला तरी त्याच्या नावाने लिहायचे, आणि लोक म्हणायचे, अगदी माझ्या मनातलं लिहिलंस गं. तसंच मी बर्टच्या नावाने लिहिलं. साथीमुळे सही लागत नव्हती. मजकूर मेलने पाठवला की पुरे. मी लिहिलं, चेंडू माझ्या हातून निसटला की विमच्या, ते मला आता आठवत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही.

त्यांची निवड झाली. समारंभ लॅपटॉपवर. सूत्रसंचालकाने एकच पत्र पूर्ण वाचलं — तेच. विमकाका तोंडावर हात धरून रडले. मी शेजारीच बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी पाणी आणायला उठले.

पुढे भेटी सुरू झाल्या, तेव्हा ते फुलं घेऊन स्वतःच हार्लेमला गेले. परतल्यावर बराच वेळ कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. बर्टने त्यांना ओळखलं नव्हतं. नाव सांगूनही ओळख पटली नव्हती. नर्स म्हणाली, गेल्या हिवाळ्यापर्यंत चांगले बोलायचे, जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगायचे.

“बरं झालं,” विमकाका मला म्हणाले, “बोलता येत होतं तेव्हाच तू जाऊन आलीस.”

मी मान हलवली.

बर्टने माफ केलं असतं, की खिडकीचा पडदा ओढून घेतला असता? जे काही असतं ते बर्टचं स्वतःचं उत्तर असतं, आणि त्यावर हक्क विमकाकांचा होता. मी बाकावर बसून राहिले, तेव्हा तो माणूस बोलत होता.

आता मी झुइडास या ऑफिसांच्या भागात नोकरी करते. महिन्यातून एकदा लायडनला त्यांच्याकडे जेवायला जाते. पत्र त्यांनी चौकटीत घालून जेवणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर लावलंय. माझी खुर्ची त्याच्या बरोबर समोर असते.